‘काहीच करत नाही’ असं आकडेवारी म्हणत नाही

फॉरवर्ड ओळखीचा आहे: ‘देशातल्या निम्म्याहून जास्त बायका काहीच काम करत नाहीत, सरकारी आकडेच सांगतात.’ आकडा वाचून असं वाटणं साहजिक आहे. गोची ‘काम’ या शब्दाच्या व्याख्येत आहे.

कोण काम करतं, कोण काम शोधतं हे मोजणाऱ्या सरकारी श्रमबल सर्वेक्षणात प्रत्येकाच्या नावापुढे एक कोड पडतो. घरच्या शेतात बिनपगारी खुरपणी करणाऱ्या बाईला कोड २१, म्हणजे ती कामकरी. फक्त स्वतःच्या घरचं घरकाम करणारीला ९२. घरकामासोबत घरच्यासाठी सरपण, चारा गोळा करणारी किंवा शिवण करणारी असेल तर ९३. ९२, ९३ हे दोन्ही कोड ‘श्रमबलाबाहेर’, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांच्या मोजणीबाहेर जातात. म्हणजे पहाटे डोक्यावर मोळी घेऊन आलेली बाई कागदावर कामाबाहेरच. (खुरपणी करणारीनेही ‘मी घरीच असते’ एवढंच सांगितलं, तर २१ चा ९२ व्हायला वेळ लागत नाही.)

मग ही मेहनत कुठेच मोजली जात नाही? जाते, पण वेगळ्या वहीत. लोकांचा दिवस कशात जातो हे मोजणाऱ्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, स्वतःच्या घरचं बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ गेला, ते करणाऱ्या पुरुषांचा ९७. शिवाय मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात २६, बायका ८१.

पडताळायचं असेल तर दोन्ही अहवाल फुकट उतरवून घेता येतात. तक्त्यांच्या आधी ‘संकल्पना व व्याख्या’ हा भाग वाचा आणि ९२, ९३ शोधा.