'जास्त उत्पादन करून संप' करणारा जपानी कामगार

जपानी कामगार निषेध म्हणून काम थांबवत नाहीत, उलट दुप्पट उत्पादन करतात किंवा एकाच पायाचे बूट बनवतात, ही गोष्ट आपल्याकडे भाषणांतून आणि आता व्हॉट्सअ‍ॅपवरून वर्षानुवर्षे फिरत आहे, आणि कामाचा ताण त्या संस्कृतीला बाधतच नाही असा निष्कर्ष तिच्यातून काढला जातो. (त्या बुटांच्या कारखान्याचे नाव मात्र कोणीच सांगत नाही.) प्रत्यक्षात मिइके कोळसा खाणीतला १९६० चा संप महिनोन्महिने चालला, १९७५ मध्ये सरकारी रेल्वे आठ दिवस बंद होती आणि ३१ ऑगस्ट २०२३ रोजी तोक्योतले एक मोठे डिपार्टमेंट स्टोअर संपामुळे दिवसभर उघडले नाही.

संस्कृतीचा प्रभाव आहे, पण तो वेगळ्या जागी आहे. सहकारी थांबलेले असताना आधी घरी निघणे किंवा हक्काची रजा पूर्ण घेणे म्हणजे आपला भार इतरांवर टाकणे, अशी टोचणी तिथे अनेकांना लागते. त्यामुळे ताण कमी होत नाही, फक्त त्याबद्दल बोलले जात नाही आणि तक्रार उशिरा होते. अतिकामामुळे होणाऱ्या मृत्यूंची, म्हणजे 'कारोशी'ची, भरपाई ठरवताना आजारापूर्वीच्या महिन्यात सुमारे १०० तास जादा काम झाले असल्यास कामाशी संबंध दाट मानला जातो. कारोशी रोखण्यासाठी २०१४ मध्ये कायदा करावा लागला, आणि २०१९ पासून जादा तासांवर दंडनीय मर्यादा लागू झाली.