पॅलेस्टिनी कैद्यांच्या छळाची तक्रार: कोण करू शकतं, कुठे करायची आणि कागद कुठे अडतात

इस्रायलच्या तुरुंगांत पॅलेस्टिनी कैद्यांचे जे हाल चाललेत त्याबद्दल आपण इथे बसून काही करू शकतो का, असं विचारणारे बरेच असतात. लॉ करणारी मुलं, पत्रकार, शिक्षक, परदेशात राहणारी आपली माणसं. उत्तर हो आहे, यूएनकडे तक्रार कोणीही करू शकतं, नागरिकत्व आड येत नाही, फी नाही, वकील पाहिजेच असंही नाही. पण मनापासून लिहिलेल्या तक्रारी एकामागून एक बाजूला पडताना बघितल्यात आणि कारणं फिरून फिरून तीच, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

पहिलं कारण, फॉर्मच चुकीचा. नेटवर शोधलं की यूएनच्या कमिटी अगेन्स्ट टॉर्चरचा वैयक्तिक तक्रारीचा फॉर्म सापडतो, लोक रात्री जागून तोच भरतात. तो इथे चालतच नाही. इस्रायलने छळविरोधी करार १९९१ साली मंजूर केला, पण कलम २२ खाली एक वेगळं घोषणापत्र द्यावं लागतं, की आमच्याविरुद्ध एकेकट्या माणसाची तक्रार समितीने ऐकायला आमची हरकत नाही, ते त्यांनी दिलेलं नाही. नागरी आणि राजकीय हक्कांच्या कराराचंही तेच, तक्रारीची मुभा देणाऱ्या जोडकरारात इस्रायल नाही. त्यामुळे तक्रार कितीही खरी असो, पुरावा कितीही भक्कम असो, समितीचे हात बांधलेले. (भारताने तर या छळविरोधी करारावर १९९७ ला सही केली आणि अजून तो मंजूर केलेला नाही, आपल्याकडच्या कोठडीतल्या मृत्यूंवर काम करणाऱ्यांना हे चांगलंच माहितीये.)

मग दार कुठलं? यूएनच्या मानवाधिकार परिषदेचे स्वतंत्र तज्ज्ञ असतात. छळाच्या विषयावरचे विशेष प्रतिनिधी, पॅलेस्टिनी प्रदेशांसाठीचे विशेष प्रतिनिधी, मनमानी अटकेवरचा कार्यगट, माणसं बेपत्ता होण्यावरचा कार्यगट. यांच्याकडे जायला देशाने कुठल्या करारावर सही केलीये का हा प्रश्न येत नाही आणि आधी तिथल्या कोर्टात सगळे उपाय करून थकलात का हेही विचारत नाहीत. ऑनलाइन फॉर्म आहे, इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये भरायचा, तेवढं सोपं आहे. मात्र निनावी तक्रार घेत नाहीत, फक्त बातम्यांच्या कात्रणांवर उभी असलेली घेत नाहीत आणि भाषा शिवराळ असेल तरीही घेत नाहीत. राग समजतो, खरंच समजतो, पण फॉर्ममध्ये राग नको, तारीख हवी.

आता सगळ्यात जास्त जिथे अडतं तो कागद, संमती. फॉर्ममध्ये वेगवेगळं विचारलेलं असतं: ही तक्रार इस्रायल सरकारकडे पाठवायला पीडिताची संमती आहे का, सरकारला त्याचं नाव कळलेलं चालेल का, आणि पुढे जो अहवाल जाहीर होतो त्यात नाव छापलेलं चालेल का. लोक तिन्हीला सरसकट हो करून मोकळे होतात. असं अजिबात करू नका. तो माणूस अजून त्यांच्याच ताब्यात आहे, पत्र तिकडे पोचलं की त्याची किंमत तो मोजणार, तुम्ही नाही. बरं, त्याची संमती आणायची कशी? ७ ऑक्टोबर २०२३ नंतर इस्रायलने रेड क्रॉसला पॅलेस्टिनी कैद्यांना भेटू देणं बंद केलं, घरच्यांच्या भेटीही बंद केल्या, आधी या भेटींचं काम रेड क्रॉसमार्फतच व्हायचं. म्हणजे उरला फक्त वकील आणि वकिलाची भेटही महिनोन्‌महिने लांबवता येते. ज्या माणसाला तुम्ही कुणाला भेटूच देत नाही त्याची सही मागायची, याला काय म्हणायचं.

वाट आहे मात्र. कैद्यापर्यंत पोचताच येत नसेल तर जवळच्या नातेवाइकाची संमती चालते, आई, वडील, बायको, नवरा, भाऊ, बहीण. लेखी घ्या, आणि कैद्याला का विचारता आलं नाही हे दोन ओळींत लिहा: अमुक तारखेपासून वकिलाला भेट नाकारली, रेड क्रॉसला प्रवेश नाही. आणि नातेवाईक माहीतच नसेल, तुम्ही फक्त व्हिडिओ पाहिला असेल, तर कृपा करून एका माणसाच्या नावाने तक्रार टाकू नका. हामोकेद (पूर्व जेरुसलेम, १९८८ पासून), इस्रायलमधली छळविरोधी सार्वजनिक समिती (१९९०), फिजिशियन्स फॉर ह्युमन राइट्स इस्रायल, कैद्यांसाठी काम करणारी पॅलेस्टिनी संस्था अद्दामीर यांच्यासारख्या संस्था घरच्यांकडून रीतसर वकीलपत्रं घेऊन काम करतायत, आपण मध्येच अर्धवट कागद घुसवला तर त्यांचीच केस अवघड होते. भाषांतर, टायपिंग, तारखांची जुळणी यात मदतीची गरज असू शकते, आधी ते विचारा. अद्दामीरबद्दल एक सावधगिरी: इस्रायलने २०२१ मध्ये तिला दहशतवादी संघटना ठरवलं आणि अमेरिकेने जून २०२५ मध्ये निर्बंध लावले, त्यामुळे अमेरिकेत राहणाऱ्यांनी तिच्याशी पैशांचा किंवा कामाचा कुठलाही संबंध ठेवण्याआधी तिथल्या वकिलाला विचारा.

दुसरी अडचण अगदी साधी वाटते, नाव. आपल्याकडे मध्ये वडिलांचं नाव येतं तसं तिकडे वडिलांचं आणि त्यापुढे आजोबांचंही येतं, मग घराण्याचं. एकाच गावात एकाच घराण्यात दोन अहमद मोहम्मद सहज सापडतात. अरबी नाव हिब्रूत, हिब्रूतलं इंग्रजीत जाताना स्पेलिंग तीन ठिकाणी तीन प्रकारचं होतं आणि समोरून उत्तर येतं, असा कैदी आमच्याकडे नाही. म्हणून चारही नावं, जन्मतारीख आणि नऊ आकडी ओळखपत्र क्रमांक लागतोच. गाझातून घर सोडून पळालेल्या कुटुंबाकडे कार्ड नसतं, ढिगाऱ्याखाली गेलेलं असतं, तेव्हा जुनी शाळेची किंवा दवाखान्याची फाइल, मोबाइलमधला कार्डाचा फोटो, पासपोर्टची झेरॉक्स, ज्याच्यावर तो नंबर असेल ते काहीही चालवून घ्या.

माणूस नेमका कुठल्या कायद्याखाली आत आहे हेही लिहावं लागतं, कारण त्यावर पुढचं सगळं ठरतं. वेस्ट बँकमधल्या हजारोंवर खटलाच नाही, ते स्थानबद्ध आहेत. लष्करी अधिकारी सहा महिन्यांपर्यंतचा आदेश काढतो, तो संपला की पुन्हा काढता येतो, कितीही वेळा, पुरावा गुप्त, कैद्यालाही दाखवत नाहीत आणि त्याच्या वकिलालाही नाही. आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं आरोपपत्र आलं की मग तक्रार करू. आरोपपत्र येणारच नाहीये, थांबू नका, मनमानी अटकेच्या कार्यगटाकडे पहिल्या आदेशावरच जाता येतं. गाझाच्या लोकांना बहुतेक वेळा २००२ च्या बेकायदा लढवय्यांच्या कायद्याखाली ठेवतात. डिसेंबर २०२३ ला त्यात दुरुस्ती करून औपचारिक आदेश न काढता ४५ दिवस आणि न्यायाधीशापुढे उभं न करता ७५ दिवस ठेवायची मुभा घेतली. या मुदती नंतर बदलत गेल्यात, म्हणून अटकेच्या तारखेला जी लागू होती ती वकिलाकडून खात्री करून मगच लिहा.

आणि माणूस कुठे आहे हेच कळत नसेल तर? मग आधी शोध. हामोकेद लष्कराकडे आणि तुरुंग खात्याकडे विचारणा करतं, त्यांना नाव, नंबर, अटकेची तारीख आणि जागा द्यायची. उत्तर आलं नाही किंवा टोलवाटोलवी झाली तर तो अर्ज आणि त्याची पोच फेकू नका, कारण बेपत्ता व्यक्तींच्या कार्यगटाला घरच्यांनी शोधासाठी काय काय केलं हे दाखवावं लागतं आणि तिथे ते कोरं न-उत्तरसुद्धा कामाला येतं. या कार्यगटाची तातडीची प्रक्रिया फक्त शेवटच्या तीन महिन्यांत बेपत्ता झालेल्यांसाठी आहे. तीन महिने उलटले म्हणजे दार बंद असं समजून लोक सोडून देतात, तसं नाहीये, मग केस साध्या प्रक्रियेत जाते, हळू जाते पण जाते.

आता इस्रायलमधल्या आतल्या तक्रारी. या वकिलानेच करायच्या असतात, पण कागद जमवणाऱ्यालाही समजून घ्यावं लागतं, कारण मारणारा कोण यावर खिडकी बदलते. शिन बेतचा, म्हणजे इस्रायलच्या अंतर्गत गुप्तचर खात्याचा, चौकशी अधिकारी असेल तर न्याय खात्यातला वेगळा तपासनीस, तुरुंगाचा वॉर्डन असेल तर पोलिसांचं वॉर्डन तपास पथक, पोलीस असेल तर माहाश, म्हणजे पोलिसांविरुद्धच्या तक्रारी तपासणारा न्याय खात्याचा विभाग, सैनिक असेल तर लष्करी पोलीस. आता ज्याच्या डोळ्यांवर दिवसरात्र पट्टी होती तो कसं सांगणार की लाथ सैनिकाने मारली की वॉर्डनने? म्हणून जबाब घेताना 'कोणी मारलं' यावर अडून बसू नका. जागा विचारा, गाडीत, दवाखान्यात, कोठडीत की चौकशीच्या खोलीत, कुठली भाषा बोलत होते, पट्टीखालून बूट कसले दिसले, कुत्रा होता का, आधी कुठल्या तुरुंगातून आणलं होतं. ओफर, केतझियोत, मेगिद्दो हे तुरुंग की नेगेवमधला स्दे तेइमानचा लष्करी तळ, हे पक्कं झालं की तिथे कोणाचा ताबा होता ते वकील काढू शकतो.

यातून काय निघतं ते मात्र घरच्यांना खरं सांगा. इस्रायलमधल्या छळविरोधी सार्वजनिक समितीच्या (यूएनच्या नव्हे) नोंदीप्रमाणे २००१ पासून शिन बेतविरुद्ध १३०० हून जास्त तक्रारी गेल्या, गुन्हेगारी चौकशी झाली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आणि आरोपपत्र एकही नाही. हे तेव्हा, जेव्हा तिथल्याच सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर १९९९ ला चौकशीतले काही छळाचे प्रकार बेकायदा ठरवलेत. जुलै २०२४ मध्ये स्दे तेइमानच्या काही सैनिकांना एका कैद्यावरच्या भयंकर अत्याचारासाठी ताब्यात घेतलं तर जमाव तळात घुसला, त्यात खासदारही होते. तरी तक्रार करायचीच, कारण ती फाइल झाली नाही तर उद्या म्हणणार की आमच्याकडे कोणी आलंच नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी मुदत म्हणजे ६० दिवस. वेस्ट बँकच्या माणसाला भरपाई मागायची असेल तर इस्रायली कायद्याप्रमाणे घटनेपासून ६० दिवसांत लेखी नोटीस आणि दोन वर्षांत दावा. घटनेपासून, सुटकेपासून नाही! माणूस आठ महिन्यांनी सुटून घरी येतो, महिनाभर त्याला झोप नाही, अंगावर खरजेचे चट्टे, आणि मग घरचे वकिलाकडे जातात तोवर मुदत केव्हाच गेलेली. कोर्ट खास कारणासाठी उशीर माफ करू शकतं, म्हणून उशिराचं कारण तारखांसह पहिल्याच अर्जात घाला, वकिलाला भेट कधी नाकारली त्याचे कागद जोडा. गाझाच्या लोकांना हा रस्ताच नाही, २०१२ च्या दुरुस्तीने शत्रू प्रदेशातल्या रहिवाशांना भरपाईतून वगळलं, पुढे गाझा शत्रू प्रदेश म्हणून जाहीर केला आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते उचलून धरलं. तुमच्या हातून खोटी आशा देऊ नका.

वैद्यकीय कागदाबद्दल. 'हाताला जखम' एवढंच लिहिलेला दाखला फार कामाचा नाही. इस्तंबूल प्रोटोकॉल नावाची यूएनची नियमावली आहे (१९९९ ची, २०२२ ला सुधारलेली), त्यात डॉक्टरने खूण मोजून, रुग्ण सांगतो त्या प्रकाराशी ती कितपत जुळते ते पाच पायऱ्यांमध्ये लिहायचं असतं. मनगटाभोवती गोल वण असेल तर रुंदी किती, दोन्ही हातांवर आहे का, बोटांना मुंग्या येतात का, फोटोत शेजारी मोजपट्टी आणि तारीख. बेड्यांना किरकोळ समजू नका, एप्रिल २०२४ मध्ये स्दे तेइमानच्याच एका डॉक्टरचं पत्र बाहेर आलं, त्यात बेड्यांच्या जखमांमुळे कैद्यांचे पाय कापावे लागल्याचं लिहिलं होतं. सुटताना किती वजन घटलं तेही लिहा, अटकेआधीच्या दवाखान्याच्या फाइलमध्ये जुनं वजन मिळतं. सप्टेंबर २०२५ ला इस्रायलच्याच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकार या कैद्यांना पुरेसं अन्न देत नाहीये, तेव्हा उपासमारीचा मुद्दा आता कोणी हवेतला म्हणू शकत नाही.

कैदी आत दगावला असेल तर घाई करावी लागते. घरच्यांच्या वतीने कोर्टात मृत्यूच्या कारणाच्या चौकशीचा आणि शवविच्छेदनाला आपला डॉक्टर हजर ठेवण्याचा अर्ज करायचा असतो. फिजिशियन्स फॉर ह्युमन राइट्स इस्रायलने नोव्हेंबर २०२५ पर्यंत निदान ९८ मृत्यू मोजलेत. मार्च २०२५ मध्ये मेगिद्दोत १७ वर्षांचा मुलगा गेला, त्याच्या शवविच्छेदनाला घरच्यांच्या बाजूचा डॉक्टर होता म्हणूनच उपासमारीची चिन्हं कागदावर आली.

तक्रार पाठवल्यावर लगेच निकाल येत नाही. तज्ज्ञांना वाटलं तर ते सरकारला पत्र लिहितात, साधारण ६० दिवस ते गुप्त असतं, मग जाहीर होतं, म्हणून त्या काळात सोशल मीडियावर मजकूर टाकू नका. मधल्या काळात कैद्याला हलवलं, तो सुटला, आजारी पडला तर त्याच तक्रारीच्या नंबरवर कळवा, नवी तक्रार करू नका. १३ ऑक्टोबर २०२५ ला गाझाचे सुमारे १७०० जण सुटले. त्यांच्यापैकी कोणाच्या नावाने आधी घरच्यांच्या संमतीवर तक्रार गेली असेल तर आता त्या माणसाला स्वतःला विचारा, नाव जाहीर करायचं का तेही नव्याने विचारा, आणि तो नको म्हणाला तर त्याच दिवशी तसं कळवून टाका.