मामांचे मेल गेले कुठं?

परवा निपाणीहून मामांचा फोन. "आरं, नवा मोबाईल घेतला आणि सगळे मेल गेले बघ, जीमेल उघडलं की नुसतं पांढरं." तंबाखूच्या वखारीचा विमा संपत आलेला, नवी पॉलिसी मेलवर पाठवलीय असं विमावाले म्हणतात, मामांना काय ती दिसेना. मी विचारलं, मामा खातं कुठलं? "जीमेलचं." ॲप कुठलं? "जीमेलच की रं!"

घोळ इथंच आहे बघा, दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव. खातं म्हणजे लांब कुठंतरी कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे तिच्या मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवलेली तुमची पेटी, आणि ॲप म्हणजे त्या पेटीत डोकावायची खिडकी. सोसायटीचं पासबुक हरवलं म्हणून ठेव बुडत नाही, तसंच ॲप काढून टाकलं म्हणून मेल जात नाहीत. आणि खिडकी कुठलीही चालते, जीमेलच्या ॲपमध्ये याहूचं खातं जोडता येतं, आउटलुकच्या ॲपमध्ये जीमेलचं.

रविवारी गेलो निपाणीला. ॲपमध्ये वर उजवीकडं जो गोल असतो तो दाबला, तर पत्त्याच्या शेवटी मामांचं जन्मसाल लागलेलं. मोबाईलच्या दुकानातल्या पोरानं केलेलं काम, मामांना जुना पासवर्ड आठवेना आणि खात्याशिवाय प्ले स्टोअर चालेना, म्हणून त्यानं दोन मिनिटांत नवंच खातं काढून दिलं. मामांचा राग मात्र टिंबावर, "माझ्या पत्त्यात टिंब होतं, ते खाल्लंय ह्यानं." टिंबाचा काही दोष नाही, जीमेल टिंब मोजतच नाही, पण मागं आकडे लागले की ते घरच दुसरं.

नंबर जुनाच होता म्हणून ओटीपी आला, पासवर्ड बदलला, जुनं खातं जोडलं. मेल आले, पण फक्त दिवाळीनंतरचे! त्याच्या आधीचं एकही नाही. दिवाळीत काय झालं होतं विचारलं तर मामी आतनं म्हणाल्या, "वखारीतला कॉम्प्युटर बंद पडला की."

मग डोक्यात उजेड पडला. त्या कॉम्प्युटरवर मेल घ्यायचं सॉफ्टवेअर 'पॉप' पद्धतीनं लावलेलं होतं. पॉप 1984 सालचं, त्याची आज चालते ती तिसरी आवृत्ती 1988 ची. तेव्हा सर्व्हरवरची जागा महाग, इंटरनेट म्हणजे फोनची लाईन, त्यामुळं लाईन जोडा, मेल उतरवून घ्या, तिकडचे पुसा आणि लाईन सोडा असा हिशोब. म्हणजे विहिरीतनं घागर भरून घरी न्यायची, पाणी आता घागरीत, विहिरीत शोधून काय उपयोग? दुसरी पद्धत 'आयमॅप', ती स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिननं 1986 ला काढली. तिच्यात मेल सर्व्हरवरच राहतात, फोन, टॅब, कॉम्प्युटर सगळे तिथंच बघतात. सोय आहे, पण फोनवर पुसलं की सगळीकडचं पुसलं, हे लक्षात ठेवा.

2004 साली जीमेल आलं तेव्हा 1 जीबी जागा फुकट मिळायला लागली, त्या काळात हॉटमेल 2 एमबी देत होतं, म्हणजे सर्व्हर रिकामा करायची गरजच संपली. पण सेटिंग कोण बदलतो? पॉपनं मेल उतरवल्यावर आपल्याकडची कॉपी ठेवू का पुसू असं जीमेल विचारतं, इथं कुणीतरी कधीकाळी 'पुसा' निवडलेलं. कॉम्प्युटर दिवाळीपर्यंत मेल गिळत होता, तो बंद पडला आणि तिथनं पुढचे जागेवर राहिले.

पण पॉलिसी तर गेल्या महिन्यातली, ती का दिसेना? ती मामांच्या अंगठ्यानं गेलेली. जीमेलमध्ये मेल बाजूला सरकवला की बहुतेक वेळा तो आर्काइव्ह होतो, म्हणजे त्याची फक्त 'इनबॉक्स' ही चिठ्ठी निघते, मेल असतोच. 'ऑल मेल'मध्ये गेलो, पॉलिसी तिथं निवांत बसलेली.

जाता जाता जागा बघितली, 15 जीबीतले 13 संपलेले, त्यातलं बरंचसं व्हॉट्सॲपचा बॅकअप, म्हणजे सकाळचे गुलाबाचे फोटो. मेल, ड्राइव्ह, फोटो आणि हा बॅकअप, सगळ्यांना मिळून ती एकच जागा. भरली की नवे मेल आत येतच नाहीत, पाठवणाऱ्याकडं परत जातात.

मग कॉम्प्युटरचा डबा उघडला, आत तंबाखूची धूळ, मला शिंकांवर शिंका. हार्डडिस्क काढून माझ्या लॅपटॉपला लावली, चालली! मेल कॉपी व्हायला लागले. मामी चहा घेऊन आल्या आणि मामा म्हणाले, मग आता ते नवं खातं टाक काढून. मी म्हटलं थांबा जरा, आणि कॉन्टॅक्ट उघडले. महिनाभरात मामांनी जेवढे नवे नंबर सेव्ह केले होते ते सगळे त्याच खात्यात.