सबब सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो

मधुमेह असलेले काका आमरसाची दुसरी वाटी पुढे ओढतात आणि म्हणतात, "फळातली साखर नैसर्गिक असते, तिनं काही होत नाही." घरचे वैतागतात, "उगाच बहाणे करू नका." खरं कारण ठाऊक असूनही काका ते लपवताहेत, असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा तसं नसतं. काकांचा आपल्या सबबीवर मनापासून विश्वास असतो.

नकळत जुळवलेलं कारणच खरं मानण्याला मानसशास्त्रात 'समर्थन' (rationalization) म्हणतात. अर्नेस्ट जोन्स या वेल्श डॉक्टरांनी 1908 मध्ये ही कल्पना मांडली. पुढे 1936 मध्ये अ‍ॅना फ्रॉइड यांनी वडील सिग्मंड यांच्या लेखनात विखुरलेल्या मनाच्या संरक्षण यंत्रणा, म्हणजे नकोशा भावनांपासून स्वतःला वाचवायच्या मनाच्या नकळत चालणाऱ्या युक्त्या, एकत्र आणून नीट मांडल्या. साहेबांवरचा राग घरी मुलांवर निघतो ते विस्थापन, स्वतःचा मत्सर दुसऱ्याच्या मनात दिसतो ते प्रक्षेपण, रिपोर्ट हातात असूनही 'मला काही झालेलं नाही' हा नकार. बाकीची यादी मानसशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. मला ओढ आहे ती समर्थनाची, कारण मेंदू कारणं कशी जुळवतो हे प्रयोगात उघड झालं आहे.

मेंदूचे दोन गोलार्ध कॉर्पस कॅलोसम नावाच्या पट्ट्यानं जोडलेले असतात. त्यात सुमारे 20 कोटी चेतातंतू असतात. औषधांना दाद न देणाऱ्या फिट्स आटोक्यात याव्यात म्हणून काही रुग्णांत हा पट्टा कापत. आता दृष्टीचा मार्ग पाहू. प्रत्येक डोळ्याच्या पडद्यावरून नाकाच्या बाजूनं निघालेले तंतू वाटेत पलीकडच्या गोलार्धात जातात, कानाच्या बाजूचे आपल्याच बाजूला राहतात. त्यामुळे नजर मध्यावर रोखली, तर डावीकडचं दृश्य फक्त उजव्या गोलार्धात पोहोचतं आणि उजवीकडचं फक्त डाव्या. हातांचा ताबाही असाच उलटसुलट. बोलण्याचं काम मात्र बहुतेकांत डाव्या गोलार्धाकडे असतं. पट्टा कापला की एका बाजूची खबर दुसरीला लागत नाही.

मेंदूचे अभ्यासक मायकल गॅझॅनिगा आणि जोसेफ लडू यांनी 1970च्या दशकात अशा एका किशोरवयीन मुलाला पडद्यावर क्षणभर दोन चित्रं दाखवली: उजवीकडे कोंबडीचा पाय, डावीकडे बर्फात बुडालेलं घर. मग समोर मांडलेल्या चित्रांतून जुळणारी निवडायला सांगितली. उजव्या हातानं कोंबडी निवडली, डाव्यानं फावडं. फावडं बरोबरच होतं, बर्फ उपसायला लागतं. पण बोलणाऱ्या डाव्या गोलार्धानं बर्फ पाहिलाच नव्हता. फावडं का, असं विचारल्यावर 'माहीत नाही' हे प्रामाणिक उत्तर झालं असतं. मुलानं क्षणात सांगितलं, कोंबडीचा पाय कोंबडीचा, आणि खुराडं साफ करायला फावडं हवंच की! चेहऱ्यावर शंका नाही, अडखळणं नाही. आपल्या कृतींना सतत कारणं पुरवणाऱ्या या व्यवस्थेला गॅझॅनिगा यांनी 'दुभाष्या' म्हटलं.

(यावरून 'उजवा मेंदू जागृत करा' छापाचे वर्ग काढून पालकांकडून हजारो रुपये उकळणं ही निव्वळ फसवणूक आहे. अशा वर्गांत डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणारी मुलं नाकाशेजारच्या फटीतून पाहत असतात.)

अशी कारणं जुळवणं शस्त्रक्रिया झालेल्यांपुरतं असेल, असं वाटेल. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात पेटर योहान्सन, लार्स हॉल आणि सहकाऱ्यांनी धडधाकट लोकांना दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवून आवडता निवडायला लावला आणि हातचलाखीनं नावडता फोटो हाती दिला. 2005 साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. बहुतेक वेळा अदलाबदल लक्षातच आली नाही. उलट लोकांनी पसंतीची कारणं दिली, आणि त्यात 'हिची कानातली आवडली' असंही होतं. मूळ निवडलेल्या चेहऱ्याला कानातलीच नव्हती.

काकांना 'का खाल्लंत?' विचारून म्हणूनच फारसं हाती लागत नाही. 'किती वाजता, किती वाट्या?' याचं उत्तर जास्त भरवशाचं असतं.

समर्थन सगळ्यांत फोफावतं ते ज्योतिषाच्या बाबतीत. भाकीत फसलं की जन्मवेळ चुकलेली असते, नाहीतर ज्योतिषी कच्चा असतो. शास्त्राला धक्का लागत नाही. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात केलेल्या चाचणीत 27 ज्योतिषांना प्रत्येकी 40 पत्रिका दिल्या होत्या. हुशार मूल कोणतं आणि मतिमंद कोणतं, एवढंच ओळखायचं होतं. सरासरी 46 टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवून ठरवलं असतं, तरी 50च्या आसपास आली असती.