गळलेला गॅस वेगळा, जळलेला गॅस वेगळा

"वास येत नाही ना? मग झालं तर!" बडोद्यात गेली २२ वर्षं मी शेगड्या आणि गॅसचे ओव्हन बसवतोय आणि हे वाक्य दर दिवाळीत, नानकटाईचे बेत सुरू झाले की ऐकतोय. गळक्या नळीची मला जेवढी भीती वाटत नाही, तेवढी या वाक्याची वाटते.

गळलेला गॅस तुम्ही ओळखता, म्हणून तो भराभर सांगतो. मूळ गॅसला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मरकॅप्टन मिसळलेलं असतं. वास आला की नॉब आणि रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका, बंद करायलाही नाही. मग बाहेर येऊन फोन करा. सिलिंडर असेल तर १९०६, पाइपचा गॅस असेल तर बिलावरचा तातडीचा नंबर. सांधा तपासायचा तो साबणाच्या फेसाने. काडी पेटवून तपासणारा माणूस दारातूनच परत पाठवा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. पाइपचा हलका, तो छताकडे जातो. आपल्याकडे पाइपचा गॅस १९७२पासून आहे, पण जुन्या वाड्यांत खाली सिलिंडर आणि वर पाइप अशी सरमिसळ दिसते, म्हणून एवढं सांगितलं.

खरा घोळ पुढे आहे. गॅसला पुरेशी हवा मिळाली की जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. मरकॅप्टन तर ज्योतीतच जळून गेलेलं असतं, त्यामुळे ज्या नाकावर तुमची सगळी भिस्त, त्याला काहीच कळत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन या वायूला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट धरतं. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते, ताप मात्र नसतो. लोक त्याला पित्त म्हणतात, उपासाचा त्रास म्हणतात. खूण अशी की अंगणात गेलं की बरं वाटतं, आत आलं की पुन्हा सुरू, आणि घरातल्या दोघातिघांना एकदमच होतं. अशा वेळी ओव्हन बंद करून सगळ्यांनी बाहेर यायचं आणि डॉक्टर गाठायचा. पित्ताची गोळी घेऊन तिथेच आडवं व्हायचं नाही.

शेगडीपेक्षा ओव्हनची काळजी मला जास्त वाटते, कारण तो तास-दीड तास सलग चालतो आणि त्याची ज्योत डोळ्यांआड असते. एक किलो एलपीजी नीट जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते. सहा बाय आठ फुटांच्या, नऊ फूट उंच स्वयंपाकघरात सगळी मिळून तेवढीच हवा मावते. ती संपायची वाटही पाहावी लागत नाही. ऑक्सिजन थोडा उतरला की ज्योत बिघडायला लागते.

उत्तरायणाच्या आदल्या आठवड्यात रावपुऱ्यातल्या एका मावशींचा फोन आला. "भाऊ, ओव्हन लावला की डोकं धरतं. गॅस गळतोय का बघा." बिस्किटांच्या ऑर्डरी होत्या, थंडी म्हणून खिडक्या बंद होत्या. सगळ्या सांध्यांना फेस लावला, एक बुडबुडा नाही. भिंतीवर अलार्मचा हिरवा दिवा शांतपणे जळत होता. मग ओव्हनचा तळ पाहिला. सांडलवंड होऊ नये म्हणून त्यांनी चंदेरी फॉइल अंथरला होता आणि दोन्ही कडांच्या हवेच्या फटी त्याने झाकल्या होत्या. खाली ज्योत पिवळी, लांब जिभेसारखी, आणि वरच्या पत्र्याला बोट लावलं तर काजळी आली. फॉइल काढला, खिडकी उघडली, तशी ज्योत थोड्या वेळात निळी झाली.

"पण अलार्म आहे की!" मावशी म्हणाल्या. तो गळतीचा अलार्म. गळतीचं यंत्र मोनॉक्साइड ओळखत नाही, त्यासाठी वेगळं यंत्र घ्यावं लागतं. सिलिंडरसाठीचा अलार्म जमिनीपासून फूटभरात, पाइपच्या गॅससाठीचा छतापासून फूटभरात. मोनॉक्साइड जवळजवळ हवेइतकाच जड असल्याने सगळीकडे मिसळतो, त्याचं यंत्र साधारण तोंडाच्या उंचीला, पत्रकात दिलं असेल तिथे.

बाहेर पाइप न काढता बसवलेल्या चिमणीचा मला मनापासून राग येतो. तिची कोळशाची जाळी तेल आणि वास अडवते; मोनॉक्साइड तिच्यातून सरळ पार होऊन खोलीत परत येतो. दुकानदार "कुठेही बसते" म्हणून ती विकतात आणि माणसं निर्धास्त होतात. एक्झॉस्ट पंखा चांगला, पण दारं-खिडक्या बंद असतील तर तो हवा ओढणार कुठून? शेजारी न्हाणीघरात गॅस गिझर असेल, तर त्याचा धूरही तो घरात ओढून आणू शकतो. म्हणून आधी हवा आत यायची वाट, मग बाहेर जायची. समोरासमोरच्या भिंतींत, खाली मोकळी जाळी आणि वर पंखा, असं मी बसवतो. खिडकीच्या भरवशावर मी ओव्हन बसवत नाही, कारण खिडकी बंद होते.

नोझलचंही, म्हणजे ज्या बारीक तोटीतून गॅस बर्नरमध्ये सुटतो तिचंही, पाहा. पाइपच्या गॅसच्या नोझलचं भोक मोठं असतं. तोच ओव्हन मुलाकडे नेऊन सिलिंडरला जोडलात तर गॅस जास्त सुटतो, हवा अपुरी पडते आणि तीच पिवळी ज्योत. नोझल कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्या. रबरी नळी ओव्हनच्या तापणाऱ्या पाठीमागून नेऊ नका आणि पाच वर्षांनी बदला, हे बहुतेकांना माहीत असतं.

मावशींच्या भिंतीत खाली जाळी बसवली. मी हत्यारं गोळा करत होतो, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "रात्री गार वारा आला तर हिच्यावर पुठ्ठा लावला तर चालेल ना?" मी खाली बसून त्यांचा हात जाळीसमोर धरला. आत येणारी हवा त्यांच्या बोटांना लागली. "हीच तुमच्या ज्योतीला लागते," मी म्हटलं. पुठ्ठा त्यांनी माळ्यावर परत टाकला.