हॅन्डबिल्ट स्पोर्ट्स कार: आधी नाइलाज, मग अभिमान

स्पोर्ट्स कारचा विषय निघाला की हातानं जोडलेली गाडी आपोआप वरच्या दर्जाची धरली जाते आणि रोबोटनं बनवलेली म्हणजे जरा खालची. पण इतिहास बघितला तर हातानं काम करणं ही सुरुवातीला कोणी हौसेनं निवडलेली गोष्ट नव्हतीच, पैशांचं गणितच तसं होतं.

पत्र्याचा एक पॅनल प्रेसवर काढायचा तर आधी त्याची डाय, म्हणजे पत्रा दाबून आकार देणारा लोखंडी साचा, बनवावा लागतो. हा खर्च अफाट, लाखो गाड्यांवर वाटला गेला तर काहीच वाटत नाही पण शंभर गाड्यांवर वाटायचा म्हटलं तर कंपनीच बसेल. फोर्डनं 1913 मध्ये हायलँड पार्कला चालती असेंब्ली लाइन सुरू केली, आणि मॉडेल टी गाडीची चासी (खालचा सांगाडा) जोडायला जे साडेबारा तास लागायचे ते वर्षभरात दीड तासाच्या आसपास आले. हे जमलं कारण गाडी एकच, पार्ट तेच आणि खप प्रचंड. स्पोर्ट्स कारवाल्यांकडे यातलं काहीच नव्हतं.

मग युरोपात वेगळी व्यवस्था होती, कंपनी चासी आणि इंजिन द्यायची आणि बॉडी कोचबिल्डर बनवायचा. मिलानची टूरिंग आणि झगाटो, ट्युरिनची पिनिनफरिना, मोडेनाचा स्काल्येत्ती ही त्यातली मोठी नावं. कारागीर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून हातोडीनं ठोकत ठोकत त्याला गोलाई आणायचा, मधेच उचलून बघायचा, हात फिरवून कुठे उंचवटा राहिलाय ते चाचपायचा आणि परत ठोकायचा. 1962 ते 1964 मध्ये बनलेल्या फेरारी 250 जीटीओ फक्त 36, आणि त्यातल्या दोन शेजारी लावल्या तर तंतोतंत जुळत नाहीत. आज याचंच कौतुक होतं, पण अशा गाडीचा धडकलेला पॅनल बदलायचा तर दुसरा रेडीमेड आणून बसत नाही, तो त्या गाडीला धरूनच नव्यानं ठोकावा लागतो.

पोर्शचंही तसंच. 1948 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावी एका जुन्या लाकूड कापायच्या मिलच्या जागेत 356 ही गाडी सुरू झाली, लाकडी साच्यावर अ‍ॅल्युमिनियम ठोकून, आणि तिथे जेमतेम पन्नासेक गाड्या झाल्या. 1950 ला काम श्टुटगार्टला आलं आणि रॉयटर कंपनीकडून स्टीलच्या बॉड्या यायला लागल्या तेव्हा कुठे आकडा वाढला. अमेरिकेत शेव्हरोलेनं 1953 ची पहिली कॉर्व्हेट फायबरग्लासची केली, त्यामागेही डायचा खर्च आणि वेळ वाचवणं हे मोठं कारण होतं. पहिल्या 300 गाड्या मिशिगनमधल्या फ्लिंटला हातानंच जोडल्या, सगळ्या पांढऱ्या.

1961 मध्ये जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या प्लांटमध्ये युनिमेट हा पहिला इंडस्ट्रियल रोबोट कामाला लागला, पण छोट्या कंपन्यांपर्यंत ते वारं पोचायला बराच काळ गेला.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण 1990 च्या दशकाच्या सुरुवातीचं पोर्श आहे. विक्री कोसळलेली, कंपनी विकली जाईल अशी चर्चा, आणि कारखान्यात कुशल कामगारांची अजिबात कमी नाही. पण त्या कौशल्याचा मोठा भाग जायचा कशात, तर न जुळणारे पार्ट घासून बसवण्यात आणि गाडी पूर्ण झाल्यावर सापडलेले दोष दुरुस्त करण्यात! म्हणजे दोष मुळात होऊच नये यापेक्षा तो निस्तरण्यात जास्त हुशारी खर्च होत होती. पोर्शचे तेव्हाचे प्रमुख वेंडेलिन वीडेकिंग यांनी टोयोटाच्या पद्धतीत मुरलेल्या जपानी सल्लागारांना बोलावलं, त्यांनी आधी पार्टनी भरलेले उंच रॅक बुटके करायला लावले आणि वीडेकिंगनी स्वतः करवत घेऊन ते कापले. 1996 ची बॉक्स्टर आली तीच मुळी पोर्शच्याच 911 बरोबर बरेच पार्ट शेअर करून, आणि कंपनी वाचली. हातानं बनवणं म्हणजे क्वालिटी हे समीकरण इथे मोडलं असं मला वाटतं.

लॅम्बोर्गिनीत फरक आकड्यांतच दिसतो. काउंटाश हे मॉडेल 16 वर्षांत सुमारे 2,000 बनल्या. 1998 मध्ये कंपनी ऑडीकडे गेली, 2003 ला गॅलार्डो आली, तिची अ‍ॅल्युमिनियम बॉडी जर्मनीत ऑडीच्या नेकार्सुल्म प्लांटला तयार व्हायची आणि दहा वर्षांत 14,000 च्या वर गाड्या निघाल्या.

मॅक्लारेनचं उदाहरण तर अजून भारी. 1992 च्या एफ1 (रेसची नाही, याच नावाची रस्त्यावरची गाडी) चा कार्बन फायबरचा सांगाडा हातानं थर लावत बनवायला कंपनीच्या सांगण्यानुसार 3,000 तास लागायचे, अशा गाड्या झाल्या एकूण 106. 2011 च्या 12सी चा सांगाडा साच्यात रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव) दाबून बनायला लागला आणि वेळ आला 4 तासांवर. पण गंमत पुढे आहे, असा मशीनवरचा सांगाडा इंग्लंडमधल्या वोकिंगच्या कारखान्यात आला की पुढची जोडणी माणसंच करतात आणि गाडी ट्रॉलीवरून एका स्टेशनवरून दुसऱ्याला ढकलत नेतात, कारण एवढ्या कमी संख्येला आणि इतक्या वेगवेगळ्या ऑर्डरला रोबोट बसवणं परवडत नाही. गणित तेच जुनं.

आणि निसान जीटी-आर, जिच्यामुळे हा हात विरुद्ध मशीन वाद मला अर्धवट वाटतो. 2007 ला आलेली ही गाडी तोचिगीच्या प्लांटमध्ये निसानच्या इतर मॉडेलच्या लाइनवरच बनायची, तिचं 3.8 लिटरचं व्ही6 इंजिन मात्र योकोहामाला धूळ आणि तापमान सांभाळलेल्या खोलीत एकच ताकुमी, म्हणजे निष्णात कारागीर, पहिल्यापासून शेवटपर्यंत जोडायचा आणि त्यावर त्याच्या नावाची पट्टी लागायची. मर्सिडीजच्या एएमजी या स्पोर्ट्स विभागातही एक माणूस एक इंजिन हीच पद्धत. पण ब्लॉक आणि क्रँक मशीननं मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) कापलेले असतात म्हणूनच त्या माणसाला घासाघाशी करावी लागत नाही, तो व्हॉल्व्हचा गॅप मोजतो, योग्य जाडीचा पार्ट निवडतो, बोल्ट ठरलेल्या क्रमानं आवळतो. ऑगस्ट 2025 मध्ये शेवटची जीटी-आर बाहेर पडली तोपर्यंत अशा सुमारे 48,000 गाड्या झाल्या होत्या, म्हणजे 1953 च्या पहिल्या कॉर्व्हेटच्या दीडशेपटीहून जास्त, आणि तरी प्रत्येकीचं इंजिन माणसानंच जोडलेलं.