गाडी एका बाजूला ओढतेय? ‘अलाइनमेंट मारा’ म्हणण्याआधी एवढं वाचा

“गाडी डावीकडे ओढतेय, अलाइनमेंट मारून द्या, लगेच निघायचंय.” काउंटरवर हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की शेवटी हा कागद छापून घेतला. अलाइनमेंट हा आमचा धंदाच आहे, तेव्हा नाही म्हणायचा प्रश्न नाही. पण ओढणारी प्रत्येक गाडी मशीनवर चढवून सुटत नाही. दोष काय ते घरूनच ठरवून आलं की काम दोनदा करावं लागतं.

अलाइनमेंटमध्ये मुख्य मापं तीन: टो (वरून पाहिल्यास चाकं किती आत-बाहेर वळलीत), कॅम्बर (समोरून पाहिल्यास चाक किती आत-बाहेर कललंय) आणि कॅस्टर (बाजूने पाहिल्यास चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल). आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांचा फक्त टो कमी-जास्त करता येतो, बाकीची दोन मापं कंपनीतूनच ठरून येतात. टो बिघडला की टायर कडेने खातो, स्टिअरिंग वाकडं बसतं. पण गाडी त्याने सहसा ओढत नाही, कारण पुढच्या टोचा फरक चालत्या गाडीत दोन्ही चाकांवर सारखा वाटला जातो. ओढ येते ती डाव्या-उजव्या कॅम्बर-कॅस्टरमध्ये तफावत पडली की. ही तफावत अचानक आली असेल तर बहुधा खड्ड्यात आदळून चाकाला खालून धरणारा लोअर आर्म वाकलेला असतो नाहीतर त्याचं रबरी बुश फाटलेलं असतं. तिथे टाय रॉड (टो बदलायचा दांडा) कितीही फिरवा, उपयोग नाही; पार्ट बदलावा लागतो.

आमचा पहिला संशय मात्र टायरवर असतो. ज्या बाजूला हवा कमी, त्या बाजूला गाडी जाते. हवा थंड टायरमध्येच तपासायची. द्वारका सर्कलच्या गर्दीतून तासभर रखडत येऊन पंपावर मोजलेला आकडा खरा नसतो. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, शेजाऱ्याला विचारू नका.

हवा बरोबर असूनही गाडी ओढत असेल तर पुढचे दोन टायर डावे-उजवे अदलाबदल करून बघतो. ओढ उलट्या बाजूला गेली की दोष टायरचा, विषय संपला. बाहेरून टायर नवाकोरा दिसतो, नक्षी पूर्ण असते, पण आतली बांधणी किंचित तिरकी असली की तो रस्त्यावर शंकूसारखा एका बाजूला वळत राहतो. असा टायर असलेली गाडी मशीनवर चढवली तर प्रिंटवर सगळे आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत, येतात आणि गाडी मात्र तशीच ओढते. मग ग्राहक म्हणतो, “मशीन खराब आहे तुमचं.” दुसरीकडे अलाइनमेंट करून आलेल्या कितीतरी गाड्या इथे नुसत्या टायरच्या अदलाबदलीने सरळ झाल्यात. (बाजूवर बाण असलेले, एकाच दिशेने फिरणारे टायर असतील तर ते रिमवरून काढून फिरवावे लागतात, म्हणून वेळ जास्त लागतो.)

एक विनंती. हे टायर घरी किंवा पंक्चरवाल्याकडे बदलून येऊ नका. लक्षण बदललं की आम्हाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

फक्त ब्रेक मारल्यावर ओढत असेल तर ते वेगळं दुखणं. ब्रेक मारताच गाडी उजवीकडे गेली तर दोष बहुधा डावीकडच्या ब्रेकमध्ये असतो, कारण डावा नीट धरत नाही. कॅलिपरची (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) पिन सुकलेली असते किंवा पिस्टन जाम झालेला असतो. याउलट ब्रेक सोडल्यावरही चाक धरून राहिलं तर गाडी त्याच बाजूला ओढते आणि ते चाक जास्त तापतं. कसारा घाट उतरल्यावर सगळीच चाकं तापतात, तेव्हा तो निकष धरू नका. साध्या रस्त्यावर चालवून आल्यावर रिमजवळ हात न्या (लावू नका), दोन्ही बाजूंची तुलना करा. एकच चाक भट्टीसारखं असेल तर गाडी चालवत आणू नका, आम्हाला बोलवा.

आणि कधीकधी गाडीत काहीच दोष नसतो. पावसाचं पाणी कडेला वाहावं म्हणून डांबरी रस्त्याला साधारण 2 टक्के उतार ठेवलेला असतो. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे हात सैल सोडल्यावर गाडी हळूहळू डावीकडे सरकणं स्वाभाविक आहे. त्र्यंबक रोडवर तसं झालं म्हणून काळजी नको. पण समृद्धीवर सरळ पट्ट्यात स्टिअरिंग सतत दाबून धरावं लागत असेल तर मात्र या.

आता आमच्या पद्धतीबद्दल, कारण त्यावरून कुरकुर होते. आम्ही आधी तुमच्यासोबत एक फेरी मारतो, मग हवा, टायर, ब्रेक आणि खालचे बुश बघतो, मशीन सगळ्यात शेवटी. याला पाऊण तास लागतो आणि तपासणीचे पैसे घेतो, हे खरं. पण अलाइनमेंटची गरज नसेल तर ते करत नाही आणि त्याचं बिलही लावत नाही. केलं तर आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंट हातात देतो. काम झाल्यावर तुम्ही स्वतः चालवून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

येताना एवढंच सांगा: ओढ सतत आहे, ब्रेकवर आहे की ॲक्सिलरेटर दाबल्यावर, आणि अलीकडे कुठे आदळली का, टायर बदलले का. डिकीतलं सामान काढून ठेवा. सकाळी आलात तर टायर थंड असतात आणि आमच्याकडे गर्दीही कमी असते.